टाकीचं झाकण

बाबा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा गॅरेजवर आले तेव्हा, खरं सांगायचं तर, मी चिडले. गाडी परक्या कुणाची असती तर एवढं लागलं नसतं. पण गाडी बाबांची, दुरुस्त केलेली मी, आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा लाइट पुन्हा लागलेला.

म्हणजे लागला असणार. दिसत नव्हता, कारण बाबांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझ्या आईची नजर फार वाईट. मिस्त्रीबाई, तेवढा लाइट घालव आणि मला मोकळं कर."

मी गॅरेज काढल्यापासून बाबांनी माझं नाव टाकलं आहे. मी मिस्त्रीबाई.

आईनं मागच्या वेळी बजावलं होतं की लाइट पुन्हा लागला तर बाबांनी किल्ली गॅरेजवर माझ्याकडे द्यायची आणि गाडी विकायची. बाबांनी पस्तीस वर्षं बस चालवली. आता रोज सकाळी ते गाडी काढतात, तळ्याला फेरी मारतात आणि पेपर घेऊन येतात. पेपर चालत दहा मिनिटांवर मिळतो, हे त्यांना सांगायची कुणाची टाप नाही. गाडी गेली तर बाबा सकाळचं काय करतील, हे मलाही सांगता येत नव्हतं.

"लाइट घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे," मी म्हणाले. हे मी दिवसातून चारदा गिऱ्हाइकांना ऐकवते. स्कॅनर लावून बटण दाबलं की लाइट जातो. बिघाड तिथेच राहतो, गाडी चार दिवसांनी पुन्हा स्वतःला तपासते आणि पुन्हा तक्रार करते.

स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. तोच कोड. पेट्रोलची वाफ कुठून तरी बाहेर जातेय. पहिल्या वेळी मी टाकीच्या झाकणाचं रबर बदललं होतं, दुसऱ्या वेळी अख्खं झाकण नवं घातलं होतं. दोन्ही वेळा मी कोड पुसला आणि दोन्ही वेळा बाबा शीळ घालत घरी गेले. आता ही गाडी माझं नाक कापायला निघाली होती.

या वेळी टाकीच्या पाइपात धूर सोडून बघायचं ठरवलं. जिथे गळती असेल तिथून धूर येतो आणि वाद मिटतो. त्याआधी झाकण बघावं म्हणून हात लावला, तर ते जरा फिरवताच हातात आलं.

"पंपावर कुणी लावलं हे?"

"कुणी म्हणजे? मी." बाबांना राग आला. पंपावरच्या माणसाला ते झाकणाला शिवू देत नाहीत. वीस वर्षांपूर्वी एकानं झाकण टपावर ठेवलं आणि ते रस्त्यात कुठे तरी पडलं. तेव्हापासून बाबा स्वतः उतरतात, स्वतः उघडतात, स्वतः लावतात.

मी झाकण लावलं. टक, टक, टक असा तीनदा आवाज झाला, म्हणजे घट्ट बसलं. मग धूर सोडला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली पडून राहिले. पाइपातून नाही, जोडातून नाही, झाकणातूनही नाही. गाडी ठणठणीत होती.

"बाबा, आता तुम्ही लावून दाखवा."

"आता तू मला शिकवणार?"

"लावा तर."

त्यांनी झाकण बसवलं, फिरवलं आणि मध्येच थांबले. पुन्हा बोटं आवळली. टक काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि जुन्या टायरांच्या ढिगाकडे बघत उभे राहिले.

मी महामूर्ख. दोन महिने बाबा टी-शर्ट घालत होते. जन्मभर इस्त्रीच्या शर्टात वावरलेला माणूस, आणि आम्ही हसलो, की म्हातारपणी हिरो व्हायची हौस आलीय. बटणांचा विचार माझ्या मनातही आला नाही. मी रबराला दोष दिला, प्लास्टिकला दोष दिला. मला माझीच लाज वाटली.

"कधीपासून?"

"सकाळी जास्त असतं. अंगठा आणि ही दोन बोटं." मग म्हणाले, "आईला बोलू नकोस."

मी त्यांना माझा हात दाबायला सांगितला. डाव्या हातानं दाबला तेव्हा कळ आली. उजव्यानं दाबला तेव्हा काहीच झालं नाही.

"गाडी चालवता येते मला," ते म्हणाले. "स्टिअरिंगला हल्ली जोर लागतोच कुठे?"

"आणि एकदम वळवावं लागलं तर?"

बसच्या ड्रायव्हरला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी झाकण पुन्हा घट्ट लावून कोड पुसला. डॉक्टरांकडे फोन करून उद्याची वेळ घेतली. बाबा सगळं ऐकत होते.

"डॉक्टर काय म्हणतात तोवर राहू दे तुझ्याकडे," असं म्हणून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि गाडीची किल्ली कडीतून सोडवू लागले. नखानं कडी उघडेना. दोनदा प्रयत्न केला आणि अख्खा जुडगा माझ्या हातात ठेवला. "तूच काढ."

मी गाडीची किल्ली काढून घेतली आणि घराच्या त्यांना परत दिल्या.

घरी जाताना गाडी मी चालवली. अर्ध्या वाटेत बाबांनी वाकून डॅशबोर्डवरची पट्टी सोलून काढली. खाली अंधार होता.

"गेला," ते म्हणाले.

आईनं दार उघडलं. किल्ली माझ्या हातात बघून तिनं विचारलं, "लागला होता ना लाइट?"

"गाडीला काही झालेलं नाही. बाबांचा हात..."

"माहितीय मला."

बाबा चपला काढता काढता थांबले.

"कपडे मी धुते तुमचे," आई त्यांना म्हणाली. "दोन महिने एक शर्ट धुवायला पडलेला नाही. हात चालत नाही असं तोंडावर म्हटलं असतं, तर आठ दिवस घरात अबोला. म्हणून म्हटलं, लाइटचं निमित्त बरं आहे." मग ती माझ्याकडे वळली. "मी त्या लाइटच्या भरवशावर बसले होते, आणि तू आपली दर वेळी तो घालवून यांना गाडीसकट परत पाठवत होतीस."

बाबा माझी बाजू घेतील असं वाटलं, पण ते खुर्चीत बसून आपला उजवा हात बघत होते.

"किती वाजता जायचंय डॉक्टरांकडे?" आईनं विचारलं.

"नऊला."

"मग उद्या शर्ट घाला," ती बाबांना म्हणाली. "बटणं मी लावते."