ज्येष्ठमधाचा पेला

चाकणजवळच्या त्या गावात पुतळाबाईंच्या हाताला गुण आहे, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. शेताच्या निम्म्या तुकड्यावर कंपनीची शेड उभी राहिली, मुलगा ज्ञानेश तिथेच शिफ्टला जाऊ लागला, दारात बुलेट आली. पण कुणाला खोकला झाला की गल्ली अजून पुतळाबाईंच्याच दाराशी येई. त्यांच्या सुनेला, पुनमला, सातवा महिना लागला आणि पित्तानं तिचा जीव नकोसा झाला, तेव्हा बाईंनी ज्येष्ठमध उकळायला घेतला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, भरून पेला. चवीला गोड, वाण्याकडे मिळणारा. त्यात वाईट काय असणार?

पुनम तो आवडीनं प्यायची. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती. पहिल्या दिवशी पेला हातात घेऊन ती सासूला म्हणाली, “आत्या, माझ्यासाठी असं कुणी चुलीपाशी उभंच राहिलं नव्हतं बघा.” त्या एका वाक्यावर पुतळाबाई विरघळल्या. दुसऱ्या दिवसापासून पातेल्यात ज्येष्ठमध दुप्पट पडू लागला.

आणि मग पुनमचा रक्तदाब चढला. डॉक्टर दिव्या मॅडमनी गोळी सुरू केली, तरी उतरेना. गोळी वाढवली, तरी हटेना. पाय सुजून चप्पल जाईना. तिघं पुन्हा दवाखान्यात आले, तेव्हा मॅडमनी रक्तदाबाचं मशीन पुन्हा एकदा लावून पाहिलं.

“असंच राहिलं तर बाळाला आत्ताच बाहेर काढावं लागेल. इतक्या लवकर मला ते नको आहे. पुनम, खरं सांग, गोळ्या घेतेस ना?”

“घेते मॅडम.”

“दुसरं काही औषध?”

“नाही.”

खोटं बोलली नव्हती बिचारी. औषध म्हणजे पाकिटातली गोळी. पेल्यातलं ते घरचं. घरच्या भाजीभाकरीला कुणी औषध म्हणतं का? पुतळाबाईंचीही समजूत तीच, त्यामुळे त्याही शेजारी शांत बसून होत्या.

ज्ञानेश रात्रपाळी उरकून तसाच आला होता. त्याचा तोल गेला. “चुकवत असणार मॅडम. गोळीनं बाळाला काही होईल म्हणून आधीपासून घाबरायची. बघ आता, काय करून ठेवलंस!”

पुनमनं मान खाली घातली. आणि पुतळाबाईंचं टाळकं सरकलं. पोटचा पोरगा झाला म्हणून गय करणारी बाई नव्हती ती.

“जीभ आवर ज्ञान्या! तू कंपनीत असतो, घरात मी असती. एक गोळी चुकली न्हाई पोरीची. माज्या डोळ्यांदेखत काढ्याबरोबर गिळती ती!”

मॅडमचं पेन थांबलं. “कुठला काढा?”

“ज्येष्ठमधाचा. पित्तावर. तीन टाइम देती, चांगला घट्ट करून,” बाई अभिमानानं म्हणाल्या.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना नंतर वाटत राहिलं. “मावशी, ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढतो. माझी गोळी तो खाली आणायला बघतेय आणि तुमचा काढा वर चढवतोय. आजपासून पूर्ण बंद. पित्तावर मी देते काहीतरी. लगेच नाही उतरणार, पण उतरेल असं वाटतंय. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थेट इकडे या. आणि तुम्ही बोललात म्हणून कळलं हो.”

ते शेवटचं वाक्य बाईंच्या कानात शिरलंच नाही. आपल्या हातानं आपण नातवंडाच्या जिवावर उठलो होतो, एवढंच त्यांना कळलं. निघताना पुनम दारातून मागं वळली आणि मॅडमपाशी जाऊन हळू आवाजात काही बोलली. करू दे तक्रार, तिचा हक्कच आहे, असं म्हणत बाई जिना उतरल्या.

घरी येऊन त्यांनी ज्येष्ठमधाची पुडी उकिरड्यावर फेकली. शेजारची दिपाली पोराच्या खोकल्यासाठी आली, तर “मला काय कळत न्हाई, डाक्टरला दाखव,” म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. सुनेच्या पुढ्यात ताट ठेवायलाही त्यांचा हात कचरायचा.

रक्तदाब हळूहळू उतरला. बाळ आहे तिथेच सुखानं वाढू दे, असं मॅडम हसून म्हणाल्या. त्या संध्याकाळी पुतळाबाई ओट्यावर बसल्या होत्या, तर पुनम रिकामा पेला घेऊन समोर उभी.

“आत्या, माझा पेला?”

“नाव काढू नगं त्याचं. तुज्या लेकराला मी…”

“नुसतं गरम पाणी द्या की. मॅडमना विचारलंय मी. त्या दिवशी मागं वळले होते ना, ते एवढंच विचारायला. काढा बंद, तर आत्यांच्या हातचं दुसरं काय चालेल म्हणून.”

पुतळाबाई उठल्या. पातेल्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला, आणि पाणी तापेपर्यंत डोळ्यांना पदर लावून तिथंच उभ्या राहिल्या.