आक्कांच्या रक्तातले तात्या

आक्कांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांच्या रक्ताने रक्तपेढीत घोळ घातला. गट तपासताना काही पेशींच्या गुठळ्या झाल्या, बाकीच्या ढिम्म हलल्या नाहीत. म्हणजे थोडं रक्त ए गटाचं, थोडं ओ गटाचं. लॅबवाल्या बाईंना वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. त्या स्वतः वॉर्डात गेल्या, पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेच.

"आक्का, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?"

"छे. मला साधं सलाइन कधी लागलं नाही."

"मग जुळं भावंड आहे का कुणी?"

आक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "आहे एक. बाहेर बाकावर बसलाय. सांगा त्याला, मी झोपलेय."

खुलासा आक्कांच्या सुनेने केला. बाकावरचे जुळे भाऊ म्हणजे तात्या. तात्यांनी आईचं शिलाई मशीन आक्कांना न विचारता भंगारात काढलं, तेव्हापासून दोघांचा अबोला. तरी तात्या रोज येत, बाहेरच बसत आणि सुनेकडे चौकशी करून निघून जात.

बाईंना आता तात्यांचंही रक्त हवं होतं. ते बाहेर बाकावरही काढता आलं असतं. पण बाई जरा खोडकरच. त्यांनी तात्यांना आक्कांच्या खाटेला खेटून खुर्ची दिली.

तात्यांच्या रक्तातही तीच भेसळ निघाली. बाई येऊन आक्कांना म्हणाल्या, "आईच्या पोटात तुमच्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या होत्या. यांच्या पेशी तुमच्यात आल्या, तुमच्या यांच्यात गेल्या. तिथेच ठाण मांडून बसल्यात."

"म्हणजे न विचारता कारभार करायची खोड तेव्हापासूनची," आक्का भिंतीला म्हणाल्या.

"आणि तुझ्या माझ्यात शिरल्या त्या?" तात्या उसळले. "त्यांना मी कधी बोललो काही?"

"त्या बोलू देतील तर ना," आक्का म्हणाल्या.

बाईंनी हसू दाबलं. तात्यांनी हळूच विचारलं, "मग हिला रक्त कुठलं देणार? माझंच घ्या की."

"तुमचं नको तात्या. तुमच्यातही आक्का आहेत. साधं ओ गटाचं देऊ, ते सगळ्यांना चालतं."

आक्कांना हसायचं नव्हतं, तरी हसू फुटलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आक्का शुद्धीवर आल्या आणि दोघांची अशी जुंपली, की शेजारच्या खाटेवरून तक्रार गेली. सिस्टरनी तात्यांना बाहेर काढलं. वॉर्ड शांत झाला. थोड्या वेळाने आक्कांनी सुनेला जवळ बोलावलं.

"बघ गं, गेला का तो. म्हणावं, उद्या जरा लवकर ये. माझं अजून बोलून व्हायचंय."