आधी मोज

काचेच्या बशीत सदतीस ठिपके.

कपाटाएवढ्या मशीनपुढे रोज सकाळी जोडले जाणारे दोन हात.

'पास'चा शिक्का, झाकण उघडं.

एका शाळेच्या टाकीखाली ओळीने नऊ नळ.

या सगळ्याची गाठ पडली दादाच्या प्रयोगशाळेत. तिथे पाणी तपासून दाखले देतात. दाखल्यावर सही धाकट्या बहिणीची. तिच्या सहीवाचून कागद दाराबाहेर पडत नाही. शाळेच्या पाण्याच्या बशीत जंतूंचे ठिपके उगवले होते, आणि दादाचं म्हणणं एकच: बाटली नीट धुतली नसेल, करून टाक पास. ती टाकी त्याच्या वीस वर्षांच्या ओळखीची. पाणी नुसतं उजेडात धरलं तरी त्याला कळायचं.

तिने दुसरी बशी पुढे सरकवली. दादा बाटलीवर ढकलणार हे ओळखूनच तिने त्याच वेळी धुतलेल्या दुसऱ्या बाटलीत उकळून निवलेलं पाणी भरलं होतं. ती बशी कोरी. म्हणजे बाटली स्वच्छ, टाकी खराब.

दादाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो घसरला नेहमीच्या विषयावर. बशीतले जंतू वाढवायचं मशीन लावण्याआधी हात जोडणाऱ्या बाईने त्याला विज्ञान शिकवू नये. जिला मशीनमध्ये देव दिसतो तिला बशीत काय वाटेल ते दिसेल. कोपऱ्यातली टायपिस्ट खुदकन हसली.

एरवी बहीण हे हसण्यावारी न्यायची. आज नाही.

"देवाला हव्या तेवढ्या शिव्या घाल, दादा. तो त्याचं बघून घेईल. पण बशीबद्दल बोलायचं तर आधी मोज."

"मला मोजायची गरज नाही. मला माहीत आहे."

"हेच मी देवाबद्दल म्हटलं की तू मला अडाणी ठरवतोस."

टायपिस्टचं टायपिंग थांबलं. बहिणीने शिक्क्याचं झाकण लावलं, दाखल्यावर हाताने 'नापास' लिहिलं, खाली ठसठशीत सही ठोकली आणि दादाच्याच टेबलावरचा फोन उचलून मुख्याध्यापिकाबाईंना नऊच्या नऊ नळ आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगितले.

उद्यापासून येऊ नकोस, असं दादाने बजावलं.

"येणार," ती म्हणाली. "टाकी धुतल्यावर नवा नमुना येईल. तो कोण मोजणार, तू?"

दादाने देव सोडला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि तेव्हाही काही न मोजता; त्याला एक मिनिटही लागलं नव्हतं.