सोमवारच्या गोळ्या

वनजाबाई संधिवाताला नवऱ्याच्या नातेवाइकांसारखं वागवत: वरवर सोसायचं, मनात शिव्या घालायच्या. जयलक्ष्मीपुरमच्या घरी दर सोमवारी त्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेत आणि मंगळवारभर मळमळत बसत. चार महिन्यांनी बोटं मोकळी झाली, तशी या निवृत्त गणिताच्या बाईंनी कानडीत ठरवलं, "साकु", म्हणजे पुरे झालं. गोळ्या गुपचूप कचऱ्यात जाऊ लागल्या.

शेजारच्या कमलाक्षी म्हणाल्या, हा माझ्या मेथीचा गुण. यजमान दत्तोजीराव म्हणाले, मी चोळलेल्या तेलाचा. वनजाबाईंनी दोघांपुढेही मान डोलावली.

दीड महिन्यानंतर एका सकाळी अंघोळ उरकली आणि बाथरूमची कडी निघेना. आत येताना तळव्यानं ढकलली होती. आता ओढायला बोटंच वळेनात. कोपर लावून पाहिलं, दातही लावून पाहिले.

"अहो! कडी अडकलीय!"

दत्तोजीराव धावले. मागोमाग कमलाक्षीही.

"सोमवारची गोळी घेतलीस ना?" दत्तोजीरावांनी दाराबाहेरून विचारलं.

आत बादली पालथी घातल्याचा आवाज आला.

"वनजा?"

"सहा आठवडे घेतली नाही! आता ओरडा हवं तेवढं, मला कुठं पळता येतंय!"

"अय्यो, मग माझी मेथी?" कमलाक्षी पुटपुटल्या.

"मेथी तुमच्याच गाईला घातली!"

सुतारानं दार बिजागऱ्यांतून काढलं तेव्हा वनजाबाई टॉवेल गुंडाळून, उलट्या बादलीवर महाराणीसारख्या बसल्या होत्या. दत्तोजीरावांना ओरडायचं होतं, पण तिची सुजलेली बोटं पाहून त्यांनी नुसतीच शाल पुढं केली. तेव्हा मात्र वनजाबाईंना रडू आलं, आणि त्याचा त्यांना फार राग आला.

डॉक्टर अंबुजा वनजाबाईंच्या मुलीच्या वयाची, शाळेतली त्यांचीच विद्यार्थिनी.

"मळमळतं हे मला का नाही सांगितलं, मिस?"

"तुम्ही विचारलं, बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. रक्त तपासून गोळ्यांऐवजी दर सोमवारी घ्यायचं इंजेक्शन दिलं, जोडीला मळमळ कमी करणारी दुसरी गोळी. "बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. औषध चालू आहे म्हणून बरं वाटतं."

वनजाबाईंनी शाळेत हजारदा ऐकवलेला सूर तो, मुकाट्यानं ऐकला.

दोन महिन्यांत त्या पुन्हा स्वतःची वेणी घालू लागल्या. मंगळवारी थोडं मळमळतंच. त्या दिवशी दत्तोजीराव उप्पिट करतात. ते भयंकर असतं, आणि वनजाबाई त्यांना तसं तोंडावर सांगतात.