दसऱ्यापर्यंतचा मुक्काम

"आबा, बाहेर या! गवतावर काय झालंय बघा!"

मंदाची ही हाक दिघाशीतल्या त्या शांत सकाळी पार ओढ्यापलीकडे गेली असावी, कारण तिकडचं एक कुत्रं भुंकायला लागलं. रात्रभर दव पडलं होतं. बांधावरच्या गवतात कोळ्यांनी जागोजाग जाळी विणली होती. एरवी ती कुणाला दिसायची नाहीत, पण आज एकेका धाग्यावर पाण्याचे थेंब ओळीने बसले होते आणि उन्हाची तिरीप आली तसे सगळे एकदम लखलखले. मंदा गुडघे टेकून एका जाळ्यावर वाकली होती. थेंब इतक्या सारख्या अंतरावर कसे? पाणी धाग्यावर नुसतं पसरून का जात नाही? वनस्पतिशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली होती खरी, पण भिवंडीतल्या घरात कोळ्याचं जाळं म्हणजे केरसुणीने काढायची वस्तू. त्याच्याकडे असं बघायला सवड आणि जागा इथेच मिळाली होती.

"काय झालंय?" आबा दारातून ओरडले.

"जाळी! पाण्याची!"

"जाळीच ना? भिवंडीत काय कमी होती?"

"या तरी!"

"अगं, चाय तर पिऊ दे माणसाला!"

शेजारच्या ओटीवर गुणाबाईंचा तांदूळ पाखडणारा हात थांबला. मंदाचं तिकडे लक्ष नव्हतं. असतं तरी तिला काही वावगं वाटलं नसतं. तिच्या वडिलांनी, कोंडूआबांनी, सगळा जन्म यंत्रमागावर काढला होता. मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे समोरच्याच्या कानाशी ओरडायचं, आणि घर कारखान्याच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे जेवताना मीठ मागायचं तरी तोच आवाज. मंदा त्या आवाजातच बोलायला शिकली. अंबाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली तेव्हा दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापक धावत वर्गात आले होते, कोणाला एवढं झापताय म्हणून. ती पानांत अन्न कसं तयार होतं ते मोठ्या प्रेमाने सांगत होती.

नोकरी लागली ती अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये. मंदाने दिघाशीत गुणाबाईंच्या घराला लागून असलेली खोली भाड्याने घेतली आणि आबांना बरोबर आणलं. आबांचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरांनी कापसाच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं, आणि मंदाचा थोरला भाऊ पंढरीनाथ राहत होता ती खोली तर कारखान्याच्या मागेच. आबा आले, पण अट घालून आले.

"दसऱ्यापर्यंत बघतो. धम्मचक्र दिनाला विहारात जायचंच आहे. नाही जमलं तर तिथूनच पंढरीकडे. मग परत चल म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," मंदाने तेव्हा कबूल केलं होतं.

पावसाचे दिवस आबांनी कसेबसे काढले. चिखल, माश्या, बोलायला कोणी नाही. "इथं रात्री काहीच वाजत नाय, झोप लागणार कशी?" ही त्यांची नेहमीची तक्रार. मग गणपती गेले, पाऊस मागे सरला, आणि मंदाला वेड लागायचं तेवढं बाकी राहिलं. भिवंडीत तिला उन्हाळा आणि पावसाळा माहीत होता. मधे असं काही असतं, आभाळ इतकं निळं होतं, भाताच्या खाचरांवर चतुर झुंडीने तरंगतात, सकाळी धुकं आणि दुपारी कडक ऊन एकाच दिवसात मिळतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बाजारात ज्या काकड्या ढिगाने बघितल्या त्या इथे बांधावरच्या वेलीला लोंबत होत्या, आणि तोडून तिथेच मोडली की चिकाचा ताजा वास यायचा.

हे सगळं ती आबांपुढे आणून ठेवत होती. रोज काहीतरी नवीन. खोकला कमी झाला होता हे तिच्या लक्षात आलं होतं, पण दसऱ्याच्या पुढे काय ते आबा बोलत नव्हते, आणि विचारायची तिची छाती होत नव्हती. विचारलं तर उत्तर येणार. उत्तर नाही असं आलं तर मग दाखवण्यासारखं हातात काय उरणार? म्हणून ती आणखी दाखवत होती.

एका संध्याकाळी तिने लोंबीतला एक कोवळा दाणा नखाने दाबला. पांढरा थेंब बाहेर आला, तो तिने आबांच्या बोटाला लावला.

"आबा, हे दूध बघा! याचाच पुढे तांदूळ होतो!"

"बघितलं!"

"चाखून बघा!"

"तू चाख! मला काय लहान पोर समजतेस?"

"गोड लागतं!"

"लागू दे ना मग!"

घरी आल्यावर आबांनी बोटाला लागलेलं ते दूध हळूच जिभेला लावलं. मंदाने ते पाहिलं नाही. ओट्याआड उभ्या असलेल्या गुणाबाईंनीही पाहिलं नाही. ऐकलं मात्र दोघांचं सगळं त्यांनी, नवरा चिंधूभाऊ यांनी आणि सून काशीने.

मंदा शाळेत गेली की आबा दिवसभर काय करतात, हे तिला नीटसं ठाऊक नव्हतं. "फिरतो," एवढंच ते सांगत. एकदा शाळा लवकर सुटली आणि ती शेतातल्या वाटेने आली, तेव्हा लांबूनच ओळखीचा आवाज कानावर पडला.

"हाऽऽ हुर्र! चल, निघ! तुझ्या बापाचं शेत हाय का!"

गुणाबाईंच्या खाचराच्या बांधावर आबा उभे होते. धोतराचा काचा मारलेला, चेहरा लाल. पिकलेल्या भातावर पोपटांचा एक थवा उतरू बघत होता. आबांनी पुन्हा आवाज टाकला तसा तो थवा हवेतच वळला, हिरवा कागद उलटा करावा तसा, आणि टेकडीकडे गेला. आबा मोठ्याने हसले. मंदाने त्यांना असं हसताना कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना.

"आबा! तुम्ही?"

आबा ओशाळले. "टाइमपास. चिंधूभाऊ वर गवत कापायला गेलाय. कोणीतरी बघायला नको? साले लय हुशार हायत. एक आधी येतो, बघून जातो, मग बाकीचे. मी त्या एकाला बसूच देत नाय." आणि एकदम, जणू जास्त बोललो म्हणून, "चल, भूक लागली."

मंदाचा जीव उड्या मारत होता. पण त्याही दिवशी ती विचारू शकली नाही.

लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं. दसरा उद्यावर आला. खंडेनवमीचं सरस्वतीपूजन उरकून मंदा झेंडूची फुलं घेऊन परतली तर अंगणात एक टेम्पो उभा. मागे गवताचे भारे रचलेले, पुढे ड्रायव्हरशेजारची जागा झाडून पुसून मोकळी. ड्रायव्हर रामू, गुणाबाईंचा भाचा, भिवंडीच्या तबेल्यांना गवत पोचवणारा, चाकाशी टेकून बिडी ओढत होता. आणि आबांची पत्र्याची ट्रंक ओटीवर आणून ठेवलेली.

"हे काय?" मंदाच्या हातातली फुलं तशीच राहिली.

गुणाबाई पुढे आल्या. मंदाचा हात धरून त्यांनी तिला जरा बाजूला घेतलं.

"बाय, रागावू नको. मी रामूला बोलावला. म्हाताऱ्या मानसाला सुखानं जाऊ दे त्याच्या पोराकडं. रोज उठून तुमची भांडणं आमच्याच्यानं बघवत न्हाय."

"भांडणं? कुठली भांडणं, मावशी?"

"आता कुठली म्हनून इचारते! काकडीवरनं भांडलात. जाळ्यांवरनं भांडलात. परवा त्या दान्यावरनं केवढा तमाशा. आमचे धनी म्हनत होते, मधे पडू. मी म्हनलं, बापलेकीत आपन कशाला पडायचं? त्यापरीस सोय करून देऊ."

मंदाला हसू फुटलं. ते अर्धं फुटलं तेवढ्यात तिचं लक्ष आबांकडे गेलं.

आबा ट्रंकेशेजारी उभे होते. धुवून इस्त्री केलेला पांढरा सदरा, उद्यासाठी ठेवलेला, त्यांच्या हातावर होता. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, मग मंदाकडे.

"तू मागवलास?" ते म्हणाले.

इतक्या हळू की मंदाला आधी कळलंच नाही ते बोलले म्हणून. आयुष्यात तिने आबांचा हा आवाज ऐकला नव्हता. या आवाजात बोलता येतं हेही तिला माहीत नव्हतं.

"नाही!"

"मुदत संपली म्हणून? तू कबूल केलं होतंस, परत चल म्हणणार नाही. म्हटलं, पोरगी शब्दाची पक्की. गाडीच बोलावली."

"आबा, नाही! मी कशाला बोलावीन? मला तुम्ही हवेत इथं! जाऊ नका! कुठं जायचं नाही तुम्ही!"

टेम्पोच्या टपावर बसलेला कावळा उडाला. रामूच्या हातातली बिडी खाली पडली.

"बघा," गुणाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "परत सुरू झालं."

मग मात्र मंदाला आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आबा तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांचीही छाती हलायला लागली, आधी आवाज न करता, मग नेहमीच्या आवाजात. गुणाबाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या.

"मावशी, आम्ही भांडत नव्हतो," मंदाने कसंबसं सांगितलं. "आम्ही असंच बोलतो. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे माग चालायचे. हळू बोललं तर ऐकूच यायचं नाही."

"म्हंजे ते परवाचं दान्याचं..."

"मी म्हणत होते, गोड लागतं. आणि आबा म्हणत होते, लागू दे."

"अगो आये!" गुणाबाईंनी तोंडावर पदर घेतला. आतून काशीचा खुदकन हसण्याचा आवाज आला. "आनि आम्ही तिकडं जेवलोसुदीक न्हाय त्या दिशी!"

आबा ओटीवर बसले. सदरा त्यांनी नीट घडी करून ट्रंकेवर ठेवला.

"एक सांग," ते मंदाला म्हणाले. "कोळी दाखवलास. काकडी, धुकं, चतुर, दूध, सगळं दाखवलंस. पण राहा म्हणून एकदा तरी बोललीस?"

मंदाने हातातली फुलं ओटीवर ठेवली. खरंच बोलली नव्हती. वर्गातल्या पोरांना ती नेहमी सांगायची, शंका असेल तर सरळ विचारा. आणि स्वतः महिनाभर पुरावे गोळा करत बसली होती.

"तुम्ही तरी कुठं काय बोललात?"

"मला वाटलं, नोकरीचं गाव, तरणी पोरगी, म्हाताऱ्याचं ओझं किती दिवस घेणार. दसरा आला की आपणहून निघावं. ट्रंक मीच भरली सकाळी." त्यांनी रामूकडे बघून हात केला. "ए रामू, तू निघ बेटा. पंढरीला सांग, उद्या आम्ही दोघं एसटीने येतो. विहारातलं झालं की संध्याकाळी परत. मुक्काम नाही."

"परत म्हंजे इथं?" रामूने खात्री करून घेतली.

"मग काय तुझ्या तबेल्यात?"

रामूने मोकळ्या जागेवर काकड्यांची एक टोपली चढवली, पंढरीनाथच्या पोरांसाठी, आणि टेम्पो गवताचा वास मागे ठेवून अंबाडीच्या वाटेला लागला.

"आता बसा," गुणाबाई म्हणाल्या. "गाडीत पोहे बांधून देनार होते, आता हितंच खा."

काशीने नव्या भाताचे भिजवलेले दाणे खापरात भाजायला घेतले होते. दाणे तडतडायला लागले तशी ती मूठमूठ उखळात टाकी आणि दोघी सासूसुना मुसळं आळीपाळीने घालत, एकीचं वर तर दुसरीचं खाली. गरम दाणा चेपला जात होता, भूस उडत होतं. मंदा उखळावर वाकली. भाजल्याचा, दुधाचा आणि ओल्या गवताचा असा एकत्र वास तिच्या नाकात शिरला. मी घालते म्हणून तिने मुसळ घेतलं, चुकीच्या वेळी मारलं, काशीच्या मुसळावर आदळलं, आणि सगळे ओरडले. आबांनीही घेऊन बघितलं, थोडं जमलं, मग खोकला आल्यावर सोडलं.

सुपात पाखडून गुणाबाईंनी पहिले पोहे दोघांच्या ओंजळीत घातले, वर गुळाचा खडा. हाताला चटका बसत होता. मंदाने चिमूटभर तोंडात टाकले आणि डोळे मोठे केले.

"आबा! हे मऊ पण आहेत आणि कुरकुरीत पण! बाहेरचं भाजलंय पण आतलं अजून ओलं असणार, म्हणजे उष्णता..."

"आधी खा," आबा तोंड भरून म्हणाले. "गार होतील."