ऐकू आलं नाही, पुन्हा बोला

मित्रांनो, मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. माझे कोपरे झिजले आहेत, चकाकी केव्हाच गेली आहे आणि स्वभावाने मी पहिल्यापासून घाबरट आहे. हल्लीची कार्डं कशी गुळगुळीत असतात. माझ्या काळी मालकाचं नाव यंत्राखाली ठोकून अंगावर उठवत. ती इंग्रजी अक्षरं अजूनही बोटाने चाचपता येतात. कोणती अक्षरं उठवायची हे मात्र मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्या मालकिणीलाही नाही.

माझी मालकीण को चुन-ओक. जेजू बेटावर, सोग्विपोच्या अलीकडच्या एका गावात तिचं केस कुरळे करून देण्याचं दुकान आहे. खुर्च्या दोन, आरसा एक आणि गप्पांना अंत नाही. संत्र्यांच्या बागांत राबणाऱ्या बायका डोक्याला रूळ लावून तिथे बसतात आणि साऱ्या गावाची धुणी धुतात. मी असायचो ॲप्रनच्या खिशात. केसांच्या औषधाच्या बाटल्या घ्यायच्या, कधी कोपऱ्यावरच्या खानावळीत गरम शेवया खायच्या, एवढाच माझा व्याप. तरी दर वेळी यंत्राला लावलं की 'टिंग' वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला लागे. टिंग वाजलं की चुन-ओक मला ॲप्रनला पुसून म्हणे, "शहाणं गं बाई माझं!" तेवढं कौतुक मला पुरत असे.

मी घरी आलो त्या दिवशी तिने माझ्या पाठीवरच्या पांढऱ्या पट्टीवर सही केली होती. आपल्या कोरियन लिपीत, सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून. पुढे त्या सहीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. औषधाच्या ओल्या हातांनी ती फिकट मात्र होत गेली.

चुन-ओकची थोरली बहीण के-सेंग. ती लहानपणीच बोटीने जपानात ओसाकाला गेली, तिथल्या चपलांच्या कारखान्यात लागली आणि तिकडचीच झाली. आईवडिलांच्या श्राद्धाला मात्र न चुकता यायची आणि फाटकातूनच ओरडायची, "चुन-ओक, अजून जाडच आहेस गं!" त्या आवाजाने गल्लीतली कुत्री उठून बसत. चुन-ओक आतून ओरडे, "आलीस का डोकं खायला?" आणि डोळे पुसत पुसत दार उघडायला धावे.

त्याच गळ्यात गाठ निघाली. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी ऑपरेशन ठरलं. त्यानंतर के-सेंगचा आवाज कायमचा जाणार होता. फोनवर तर तो आताच पोचत नव्हता, नुसती खरखर यायची. तिच्या सुनेने फोन हातात घेऊन सांगितलं, "मावशी, सासूबाई कानाला तोंड लावून बोलल्या तर कळतं अजून. ऑपरेशनच्या आधी पोचा."

चुन-ओक जन्मात विमानात बसली नव्हती. त्याच दिवशी तिने पासपोर्टसाठी अर्ज टाकला. तो येईपर्यंत थांबलो तर जागा संपतील, म्हणून लगेच विमान कंपनीला फोन करून गुरुवारचं तिकीटही घेतलं.

"तुमचं इंग्रजीतलं नाव सांगा," फोनवरची मुलगी म्हणाली.

"इंग्रजीत? इंग्रजीत मला नाव आहे?"

"अगं, तुझ्या कार्डावर असेल ना!" खुर्चीतून प्योंग-सुन ओरडली. ही तिची शेजारीण. पूर्वी हॉटेलात धुलाईला होती, तिथे तिला इंग्रजी अक्षरं वाचता येऊ लागली. तिने डोक्यावरचे रूळ सावरत मला डोळ्यांजवळ धरलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. आडनाव को. के आणि ओ. मला कोण अभिमान वाटला!

मंगळवारी पासपोर्ट हाती आला. प्योंग-सुनने तो उलटून पाहिला आणि मग मला पाहिलं.

"चुन-ओक, हे काय गं? कार्डावर के आहे आणि इथे जी. तू एक बाई आहेस की दोन?"

मित्रांनो, आमच्या बोलण्यात त्या आडनावाचा उच्चार धड 'को' नाही आणि धड 'गो' नाही. माझ्यावर अक्षरं ठोकणाऱ्याला तो 'को' वाटला, पासपोर्टच्या कचेरीत 'गो' वाटला. दोघांचंही बरोबर होतं. पण तिकीट होतं 'को'चं आणि विमानात निघाली होती 'गो'.

"आणि गो म्हणजे इंग्रजीत 'जा', माहितीये?" प्योंग-सुन म्हणाली. पण चुन-ओकला हसू फुटलं नाही. तिने विमान कंपनीला फोन लावला.

"माननीय ग्राहक, आम्ही तुमच्यावर मनापासून प्रेम करतो," पलीकडून गोड आवाज आला. ते यंत्र होतं. "आपलं काम थोडक्यात सांगा."

"अहो, माझ्या तिकिटावर के पडलाय, तिथे..."

"माफ करा, ऐकू आलं नाही. पुन्हा बोला."

"के! के पडलाय के!"

"माफ करा, ऐकू आलं नाही. पुन्हा बोला."

"प्रेम करते म्हणे मेली," प्योंग-सुन म्हणाली. "माझा नवरापण अस्संच करायचा."

मग बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. चुन-ओकचा फोनचा हात भरून आला, तिने तो दुसऱ्या कानाला लावला. खुर्चीतल्या बाईच्या केसांचं औषध वाळून चाललं होतं. शेवटी एक तरुण बोलला. अत्यंत अदबीने, पाठ केल्यासारखं. स्वस्तातल्या तिकिटावर नाव बदलता येत नाही. हे रद्द करा आणि नवं घ्या. त्या विमानात एकच जागा उरली आहे, लवकर ठरवा.

"रद्द नंतर कर," प्योंग-सुन कुजबुजली. "आधी नवं हातात घे."

आता सगळं माझ्यावर येऊन ठेपलं. चुन-ओकने माझा आकडा वाचला. मी श्वास रोखून टिंगची वाट पाहिली. टिंग वाजलं नाही.

बँकेला संशय आला होता. इतकी वर्षं केसांचं औषध आणि शेवया, आणि आता लागोपाठ परदेशाची दोन तिकिटं, तीही एकाच विमानाची? कार्ड चोराच्या हाती लागलेलं दिसतंय! त्या तरुणाने बँकेशी बोलायला सांगितलं. बँकेचंही एक यंत्र होतं, त्यालाही ऐकू येत नव्हतं. त्याच्यापुढे गयावया केल्यावर एक मुलगी आली.

"ओळख पटवायला कार्डावरचं इंग्रजी आडनाव सांगा."

चुन-ओक नुकतीच धडा शिकली होती. तिने ठणकावून सांगितलं, "जी आणि ओ."

"जुळत नाही."

"अहो, नीट बघा. सरकारी पासपोर्ट आहे माझ्या हातात. जी!"

मी खिशात तळमळत होतो. अगं, मला बाहेर काढ, माझ्याकडे बघ, इथे के आहे! साऱ्या जगात के बरोबर असलेली ही एकच जागा, आणि नेमकं इथेच तू जी म्हणते आहेस! पण कार्डाला कुठला आवाज? तिने पुन्हा जी सांगितलं, आणि पुन्हा. मग त्या मुलीने, तुमच्याच सुरक्षिततेसाठी असं म्हणत, मला कायमचं बंद करून टाकलं. नवं कार्ड टपालाने येईल, जुनं कात्रीने कापून टाका, असंही सांगितलं. तोवर ती शेवटची जागा कुणीतरी घेतली होती. राजधानी सोलवरून जाणारी विमानंही सुट्ट्यांमुळे भरलेली होती.

बुधवारी दुकान बंद राहिलं. चुन-ओक आरशासमोर एकटीच बसली होती. तिने मला टेबलावर ठेवलं आणि केस कापायची कात्री उचलली. मला दरदरून घाम फुटल्यासारखं झालं. तेवढ्यात प्योंग-सुन संत्र्यांची पिशवी घेऊन आत आली.

"ठेव ती कात्री. निघताना कापाकापी कसली करतेस?"

"निघते आहे कोण? तिकीट चालत नाही, कार्ड चालत नाही."

"तू चालतेस ना? मग विमानतळावर चालत जा आणि त्यांच्या तोंडावर विचार. फोनमध्ये माणसं नसतात गं."

गुरुवारी मी तिच्या ब्लाऊजच्या खिशात होतो. तिचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की मी ठोक्याठोक्याला जागचा हलत होतो. काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, आडनाव जुळत नाहीये हो."

"ठाऊक आहे, बाळ. पण सरकारने माझ्या आडनावातच 'जा' लिहून दिलंय. आता तुम्ही कशा अडवता?"

मुलगी फस्सकन हसली. मग चुन-ओकला तिच्या कोटावरची नावाची पट्टी दिसली. कोरियन लिपीत तेच आडनाव, आणि खाली इंग्रजीत के, ओ आणि वर एक एच!

"आमच्या घरात तीन तऱ्हा आहेत, आई," मुलगी हळूच म्हणाली. "पण माझ्या हातात नाही. थांबा, साहेबांना बोलावते."

साहेब आले. मागे रांग वाढत होती, कुणीतरी ट्रॉली आपटत होतं. साहेब कोरडेपणाने म्हणाले, "तिकिटावरच्या के-वाल्या बाई तुम्हीच, हे कशावरून? इंग्रजीतला के आणि आपल्या लिपीतलं नाव, दोन्ही एकत्र असलेलं काही आहे?"

चुन-ओकने पिशवी उलटीपालटी केली. औषधं, रुमाल, बहिणीसाठी घेतलेली संत्री. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी तिने खिशातून मला काढलं, पण पुढे करायला ती कचरत होती.

"हे बंद पडलंय हो. बँकेने मारलं."

"चालेल," साहेब म्हणाले. "मला पैसे नकोत, नाव हवंय."

त्यांनी माझ्यावरचा के चाचपला आणि मला पालथं केलं. मित्रांनो, त्या क्षणाइतकी भीती मला कधी वाटली नव्हती. सही इतकी पुसट झाली होती! साहेबांनी मला उजेडात तिरपं धरलं, पासपोर्टवरचं कोरियन नाव पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. मग एक कागद पुढे सरकवून म्हणाले, "इथे करा बघू सही." तिने जिभेचं टोक बाहेर काढलं आणि सावकाश नाव लिहिलं. अगदी तसंच, माझ्या पाठीवर होतं तसं.

साहेबांनी मान हलवली. मुलीने काहीतरी टाइप केलं आणि यंत्रातून विमानाचा पास सरकत बाहेर आला. कुठेतरी टिंग वाजलं असं मला वाटलं. कदाचित भासही असेल.

संध्याकाळी आम्ही ओसाकाच्या इस्पितळात होतो. के-सेंगच्या उशाला पाटी होती, तिच्यावर भलतंच जपानी नाव. तिकडे निभावून न्यायला तिने ते घेतलं होतं आणि सगळं आयुष्य त्याच नावाने काढलं होतं. चुन-ओक त्या पाटीकडे बघत घटकाभर घुटमळली. मग पलंगावरच्या बाईने हाताने जवळ बोलावलं. चुन-ओक तिच्या तोंडाशी कान नेऊन वाकली आणि मी दोघींच्या मधे दबलो, म्हणून मला ऐकू आलं.

"चुन-ओक, अजून जाडच आहेस गं."

अगदी बारीक होता तो आवाज. मला नीट ऐकू आला, म्हणजे तिलाही आलाच असणार. पण चुन-ओक तशीच वाकून राहिली आणि त्या यंत्राच्या गोड सुरात म्हणाली, "माफ करा, ऐकू आलं नाही. पुन्हा बोला."

के-सेंगचे खांदे हसण्याने हलले. तिने पुन्हा म्हटलं. चुन-ओकने पुन्हा तेच विचारलं. नर्स दिवा मालवून 'आता जा' म्हणेपर्यंत त्या दोघींचं हेच चाललं होतं, आणि चुन-ओकच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर गळत होतं.

आता मी दुकानात, आरशाच्या कडेला खोचलेला असतो. नवं कार्ड आलं, त्याच्यावर जी आहे, ते टिंग वाजवतं. मला कापलं नाही. के-सेंगचा फोन रविवारी येतो. पलीकडून बोटाने टकटक वाजतं, बोलते फक्त चुन-ओक.

मित्रांनो, उद्या तुमच्यातला कुणी काउंटरच्या आत बसेल, कुणी फोनपाशी. समोरचं माणूस अडखळलं तर पडद्यावरून नजर काढून एकदा त्याच्याकडे बघा, आणि त्याची पाठीमागची बाजूही पाहा. आणि घरात कुणी म्हणालं की ऐकू आलं नाही, पुन्हा सांग, तर वैतागू नका. त्याला कदाचित पहिल्या वेळेसच ऐकू आलेलं असेल. तरी पुन्हा सांगा. सांगता येतंय तोवर सांगा.