दहा बिघाड

सत्यभामाबाईंनी फायलीची नाडी सोडली आणि संक्रांतीपासूनचे सगळे कागद तारखेप्रमाणे पलंगावर मांडले. दर रविवारचे दोन. एक सुनेच्या हातचा: वरच्या खोलीतल्या राउटरांमध्ये तिने कोणते दहा बिघाड मुद्दाम करून ठेवले. दुसरा मुलाच्या हातचा: त्यांतले किती त्याने दोन तासांत शोधले. शिस्त त्यांनीच घालून दिली होती. सुनेचा कागद घडी घालून आधी त्यांच्या स्वाधीन व्हायचा, वेळ संपली की श्याम आपला कागद द्यायचा, आणि मग चष्मा लावून त्या दोन्ही ताडून पाहायच्या. संगणकाच्या इंग्रजी आज्ञा त्यांना कळत नसत. म्हणून प्रत्येक आज्ञेखाली एक ओळ शुद्ध मराठीत लिहावी, असाही त्यांचा दंडक होता. भातकुलीच्या कन्याशाळेत बावीस वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंपुढे या बाबतीत कोणी ब्र काढला नव्हता.

आजच्या रविवारचा पेपर अजून व्हायचा होता. येत्या गुरुवारी बंगलोरला श्यामची नेटवर्किंगची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मंगळवारी बडनेऱ्याहून गाडी. परीक्षा आठ तासांची, आणि तिचे पहिले दोन तास असेच दहा बिघाड शोधण्याचे. दहांपैकी आठ निघाले नाहीत तर पुढचे सहा तास उत्तम जाऊनही उपयोग नसे. गेल्या काही रविवारी श्यामचे नऊ, नऊ, दहा, नऊ असे निघाले होते. ते आकडे एकदा समाधानाने पाहावेत, एवढ्यासाठीच त्यांनी फाईल काढली होती.

पाहता पाहता त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. तिथून ते मागच्या रविवारच्या कागदावर गेले, मग त्याच्या मागच्या. जानेवारीच्या कागदांत एकही बिघाड दुसऱ्यांदा आला नव्हता. मार्चपासून तेच चौदा-पंधरा बिघाड जागा बदलून येत होते. ते बिघाड म्हणजे नेमके काय, हे त्यांना सांगता आले नसते. पण प्रश्नपत्रिका कशी काढतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

"रागिणी."

रागिणी स्वयंपाकघरातून आली. हातांना ज्वारीचे पीठ होते. पलंगावर मांडलेले कागद पाहून ती दारातच थांबली.

"हे काय आहे?"

रागिणीने नजर फरशीकडे वळवली.

"मी विचारून राहिली. तेच ते पेपर काहून काढले?"

"आई, फेब्रुवारीत मी एक नवा बिघाड टाकला होता. लाईट गेली म्हणून पेपर अर्धाच राह्यला, असं यायनं तुमाले सांगतलं होतं. आठवते?"

"आठवते."

"लाईट गेली नव्हती." रागिणीने आवाज खाली आणला. "दोन तास हे नुसते पडद्याकडे पाहत बसले. हात मांडीवर. मंग उठून यायनंच लाईटचा मेन खटका पाडला."

सत्यभामाबाईंनी चष्मा काढला.

"त्याच्यानंतर दोन दिवस नीट जेवले नाई. म्हणे, राउटरच खराब हायेत. तवापासून जे यायले सापडते तेच मी टाकून राह्यली."

"आणि मले कोणी सांगितलं नाही."

"तुमी दर रविवारी त्यायच्या पाठीवर हात ठेवत होत्या, आई."

आपल्याला असे उत्तर ऐकण्याची सवय नाही हे सत्यभामाबाईंच्या चेहऱ्यावर दिसले. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागद एकावर एक रचायला घेतले.

"गुरुवारी पास होईन का तो? एवढंच सांग."

रागिणीने बोटांवरचे पीठ चोळून काढले.

"नाई, आई."

श्यामने लेखी परीक्षा उत्तीर्ण केली त्याला महिनाअखेर दीड वर्ष पुरे होत होते. दोन वेळा बंगलोरला जाऊन तो रिकाम्या हाताने परत आला होता. आता तिसऱ्यांदाही तसेच झाले तर मुदत संपून लेखीपासून सारे पुन्हा. ज्या खाजगी कॉलेजात तो लॅब सांभाळी, तिथे संगणक शाखेच्या साठ जागांवर गेल्या वर्षी अकरा मुले आली होती. खेड्यांतून मुले येतच नव्हती. जूनपासून शाखा बंद, हे कळवणारे पत्र देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात पडून होते. राहता राहिले भातकुलीचे शेत. अकरा वर्षे ते ठोक्याने, म्हणजे ठरीव खंडावर, वाहणारा चंद्रभान अक्षय्य तृतीयेला येऊन पायरीवरच बसला होता. "बाई, इहिरीचं पानी जनावर तोंडात घेत नाई. यंदा तुमचं वावर तुमी पाहा," म्हणाला, आणि बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर हमालीला लागला. त्या दिवशी सत्यभामाबाईंनी त्याला चहा दिला आणि शांतपणे सांगितले होते, "आमचा श्याम मातीत हात घालणार नाही."

श्याम आंघोळ करून आला. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"पेपर तयार हाय का वं? दहाले लोडशेडिंग हाय."

"आज पेपर तू काढशीन," सत्यभामाबाई म्हणाल्या. "रागिणी सोडवन."

श्यामने आधी आईकडे पाहिले, मग बायकोकडे.

"आई, बंगलोरले मले जायाचं हाय का हिले?"

"पेपर काढल्याशिवाय मास्तरलेही विषय कळत नाही. काढून पाहा."

"मंग भाकरी कोन करन?"

"मी करीन."

"तू? तुह्या भाकरी पापडावानी राह्यतात, बाप्पा. मंगळवारपर्यंत दात तरी शाबूत राहू दे माहे."

"पापड म्हणून खाजो. जा वर."

तो जिन्याने वर गेला. थोड्या वेळाने पत्र्याच्या खोलीतून शीळ ऐकू आली. रागिणीने मान वर केली. सत्यभामाबाईंनीही. कित्येक महिन्यांत त्या घरात कोणी शीळ घातली नव्हती.

पाऊण तासाने तो घामाने निथळत उतरला आणि घडी घातलेला कागद त्याने आईच्या हातात ठेवला.

"बंगलोरवाल्याले घाम फुटन अशे टाकले. हिले चार जरी निघाले ना, तरी हिचा सत्कार करू."

"नारळ आणून ठेवा मंग," रागिणी म्हणाली आणि हात पुसत वर गेली.

श्याम ओसरीवर बसून सदऱ्याला इस्त्री करू लागला. पासपोर्ट, परीक्षेचे पत्र, गाडीचे तिकीट त्याने एका पाकिटात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले. सत्यभामाबाईंनी भाकरी थापायला घेतल्या. पहिली फाटली, दुसरी जाड झाली. वरून कळफलकाची टकटक येत होती. मध्येच थांबे, पण फार वेळ थांबत नसे. श्यामच्या वेळी ती शांतता किती लांब असे, हे त्यांना आज पहिल्यांदा जाणवले.

पन्नास मिनिटांत रागिणी खाली आली. तिने कागद सासूच्या हातात दिला, परातीपुढे बसली आणि उरलेले पीठ मळू लागली.

सत्यभामाबाई खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसल्या. डाव्या हातात मुलाचा कागद, उजव्या हातात सुनेचा. पहिला बिघाड जुळला. दुसरा जुळला. सहाव्यापाशी त्या जरा रेंगाळल्या. श्यामने लिहिले होते: एका तारेवर तीन राउटर, पहिल्याची हाक देण्याची वेळ दहा सेकंदांऐवजी तीस केली. रागिणीने लिहिले होते: पहिल्याची वेळ बिघडलेली, पहिल्यालाच पुन्हा दहावर आणले, कारण दुसऱ्याला तीसवर नेले तर तिसरा तुटतो. अक्षर सरळ होते, खाडाखोड नव्हती. सातवा. आठवा. दहाच्या दहा जुळले. त्यांनी खालून वर पुन्हा एकदा ताडले.

बार्शीटाकळीला मुलगी पाहायला गेल्या तेव्हा त्यांनी हिला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला होता आणि बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष लग्नानंतर पाहू, असे तिच्या वडिलांना सांगितले होते. नंतर ते कोणी पाहिले नाही. आज पाहायचे म्हटले तरी वाट नव्हती. लेखी परीक्षा श्यामच्या नावावर होती, पासपोर्ट त्याचा होता, गुरुवारची खुर्ची त्याची होती.

"झालं का तपासून?"

श्याम दारात उभा होता. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा अंगावर चढवून पाहिलेला. तो किंचित हसत होता आणि ते हसू आवरायचाही प्रयत्न करत होता. चुलत्याचा मृत्यू झाला तेव्हा, पहिल्यांदा नापास झाला तेव्हा, दुसऱ्यांदा झाला तेव्हा, याच दारात तो उभा राहिला होता. पण असा नाही.

"किती निघाले?"

परातीतला रागिणीचा हात थांबला. तिने मागे वळून पाहिले नाही.

"सात," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"सात!" श्यामने मांडीवर थाप मारली. "सात म्हणजे मस्तच काढले वं तू. पण आठाशिवाय पास नाई. एकानं गेली बिचारी." तो आत आला आणि बायकोशेजारी फरशीवर बसला. "कोनते तीन राह्यले, आई?"

हा प्रश्न येईल असे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्यांनी कागदाकडे पाहिले.

"दुसरा. सहावा. आणि नववा."

"सहावा तर राहणारच होता. तो भल्याभल्याले दिसत नाई."

रागिणी आता वळली. तिने सासूकडे पाहिले. ती नजर रागाची नव्हती, विनवणीचीही नव्हती. हजेरीत आपले नाव घेतले की नाही याची खात्री करणाऱ्या मुलीसारखी ती नजर क्षणभर थांबली आणि मग नवऱ्याकडे वळली.

"सांगा ना," ती म्हणाली. "मले तो दिसलाच नाई."

श्यामने खिशातून पेन काढले आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एका रेषेत तीन चौकोन काढले.

"हे तिघंही एकाच तारेवर हायेत. दर दहा सेकंदाले एकमेकाले हाक मारतात: मी हाय, मी हाय. मी काय केलं, पह्यल्याची हाक तीसवर नेली. आता दुसरा वाट पाहून पाहून थकते. त्याले वाटते, हा मेला. ओळख तुटली. समजलं?"

"मंग दुरुस्त कसं करता?"

"सोपं हाय. दुसऱ्यालेही तीसवर न्याचं. दोघायची हाक जुळली, का झालं काम."

त्याने पहिल्या आणि दुसऱ्या चौकोनांमधली रेघ दोनदा, तीनदा गिरवली. ती चांगली ठळक झाली. तिसरा चौकोन कागदाच्या कडेला तसाच राहिला होता.

रागिणीचा हात परातीतून उचलला गेला. पिठाने माखलेले बोट त्या तिसऱ्या चौकोनाच्या रोखाने निघाले आणि कागदापासून टीचभर अंतरावर थांबले. तिने सासूकडे पाहिले नाही. बोट मागे घेऊन तिने ते पदराला पुसले.

सत्यभामाबाईंच्या मांडीवर तिचा कागद उघडाच होता. सहाव्या बिघाडाखालची, 'तिसरा तुटतो' अशी संपणारी मराठी ओळ त्यांच्याच आज्ञेवरून लिहिलेली होती; ती समजायला त्यांना कोणाची गरज नव्हती. त्यांचे ओठ विलग झाले. गुरुवारला अजून चार दिवस होते.

"समजलं का?" श्यामने विचारले.

"समजलं," रागिणी म्हणाली.

"पाह्य, किती सोपं हाय. तू उगाच घाबरतं." त्याने वर्तमानपत्र उलटवले, कोरी कडा शोधली आणि पेन टेकवून आईकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी पाणीदार चमक होती. "आता नववा सांगू का हिले?"

सत्यभामाबाईंनी दोन्ही कागदांची एकत्र घडी घातली.

"सांग," त्या म्हणाल्या.